नागपुरात घरच्या लॉनला पाणी किती दिवसांनी द्यायचं?

पहिल्या वर्षी मी लॉनला रोज पाणी दिलं. मार्च, एप्रिल, मे, एकही दिवस चुकवला नाही. संध्याकाळी ऑफिसमधून आलं की पाइप हातात घ्यायचा, दहा मिनिटं सगळीकडे फवारा मारायचा आणि ओल्या मातीचा वास सुटला की आजचं काम झालं असं समजायचं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात अर्धं लॉन वाळून गेलं. शेवटी आमच्या लेआउटमधल्या माळीकाकांना बोलावलं. त्यांनी खुरप्याने गवताचा तळहाताएवढा तुकडा उचलला, उलटा केला आणि माझ्या हातात ठेवला. मुळं बोटाच्या एका पेराएवढी. त्याखालची माती दगडासारखी कोरडी.

"पाणी वरच्यावर देऊन राहिल्या ताई, तं मुळं खाली जातीनच काहून?"

लॉनला पाणी देण्याचं सगळं शास्त्र त्या एका प्रश्नात आहे. रोज थोडं पाणी मिळालं की ते वरच्या इंचभर मातीतच राहतं, आणि मुळंही तिथंच पसरतात. मग एक दिवस नळ आला नाही किंवा पारा 45 च्या वर गेला की वरचा थर काही तासांत सुकतो आणि गवताकडे दुसरा आधार उरत नाही. उलट पाणी चार-सहा इंच खोल गेलं आणि मग मधले काही दिवस दिलंच नाही, तर मुळं ओल शोधत खाली जातात. म्हणून "रोज की दिवसाआड?" या प्रश्नाच्या आधी "एका वेळी किती खोल?" हे ठरवावं लागतं. नागपुरात नवीन घर बांधून अंगणात पहिल्यांदाच लॉन लावलं असेल, तर खालच्या क्रमाने जा.

आधी माती बघा

नागपूरच्या बऱ्याच भागात खाली काळी माती आहे, कपाशीची. ही माती पाणी खूप धरून ठेवते, पण पिते फार हळू. ओली झाली की फुगते आणि चिकट होते, वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. नवीन लेआउटमध्ये मात्र प्लॉट उंच करायला मुरूम टाकलेला असतो, त्यावर बांधकामाचा मलबा, आणि त्यावर लॉन लावणाऱ्याने पसरलेली तीन-चार इंच माती. दिसायला दोन्ही अंगणं सारखीच. पण मुरमावरच्या लॉनमधून पाणी भराभर खाली निघून जातं आणि काळ्या मातीत तेच पाणी आठवडाभर टिकू शकतं. शेजारच्यांचं बघून पाणी देऊ नका, असं मी सांगते ते यासाठीच.

ओळखायचं कसं? एका कोपऱ्यात वीतभर खोल खड्डा करा. वर काय, खाली काय ते दिसेल. चार इंचांवरची मूठभर माती पाणी लावून मळा आणि तिची वळी करून बघा. सुतळीसारखी लांब वळी न तुटता होत असेल तर काळी, चिकण माती. वळी होतच नसेल, हातात खडे आणि भुगा राहत असेल तर मुरूम किंवा रेताड भर. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढचे सगळे आकडे यावर बदलतात.

गवत कोणतं आहे तेही नर्सरीत विचारून ठेवा. आपल्याकडे बहुतेक घरी हरळीच्या जातीचंच लॉन असतं, त्यात सिलेक्शन नंबर 1 नावाने मिळणारं बारीक पानाचं गवत जास्त. गणपतीला वाहतो ती दुर्वा याच कुळातली. ऊन आणि पाण्याची ओढ ती चांगली सोसते. कोरियन गवत मखमलीसारखं दिसतं, पण वाढतं फार हळू. त्यातला एखादा भाग मेला तर भरून यायला खूप दिवस लागतात, त्यामुळे त्याला पूर्ण कोरडं पडू देऊ नका.

पाइपमधून किती पाणी येतं ते मोजा

"अर्धा तास पाणी दिलं" याला काही अर्थ नाही. कुणाच्या पाइपला जोर असतो, कुणाच्या नसतो.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर 1 लिटर पाणी टाकलं की 1 मिलिमीटर पाऊस पडल्यासारखं होतं. अंगणातल्या लॉनला एका वेळी साधारण 20 मिलिमीटर पाणी लागतं. आता 20 लिटरची बादली घ्या, नेहमीच्या पाइपने भरा आणि मोबाइलवर वेळ लावा. समजा 80 सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला 15 लिटर. तुमचं लॉन 300 चौरस फूट असेल तर ते जवळपास 28 चौरस मीटर झालं. 20 मिलिमीटर म्हणजे 560 लिटर. भागून बघा, 37 मिनिटं. मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा कळलं की माझ्या दहा मिनिटांच्या फवाऱ्यात गवताला एका वेळी लागणाऱ्या पाण्याचा चौथा हिस्साच मिळत होता.

स्प्रिंकलर असेल तर लॉनवर पाच-सहा सारख्या वाट्या ठेवा, एक अगदी कोपऱ्यात. सरळ काठाच्या स्टीलच्या वाट्या किंवा रिकामे डबे घ्या. पंधरा मिनिटं स्प्रिंकलर चालवा आणि प्रत्येकीत पट्टी उभी धरून मोजा. माझ्याकडे मधल्या वाटीत 9 मिलिमीटर भरलं होतं आणि तुळशीवृंदावनाजवळच्या वाटीत जेमतेम 3. तिथलं गवत दरवर्षी आधी पिवळं का पडायचं, ते त्या दिवशी समजलं. तेव्हापासून तो कोपरा हाताने पाइप धरून वेगळा भिजवते.

एका दमात देऊ नका

काळ्या मातीवर 20 मिलिमीटर पाणी एकदम ओतलं तर निम्मं फाटकाबाहेर, रस्त्यावर वाहत जातं. माती पिईल त्याच वेगाने द्यायचं. आठ-दहा मिनिटं द्या, पाणी साचू लागलं की थांबा, अर्धा तास जाऊ द्या, मग पुन्हा द्या. लॉनचे दोन-तीन भाग करून आळीपाळीने पाइप फिरवला की वाट बघण्यात वेळ जात नाही. पहिला भाग पीत असतो तेव्हा दुसऱ्याला मिळतं.

मातीला भेगा पडल्या असतील तर आणखी सांभाळून. पहिलं पाणी भेगांतून सरळ खोल निघून जातं, मधले ढेकळासारखे भाग कोरडेच राहतात. अशा वेळी आधी हलका फवारा मारून थांबायचं, माती थोडी फुगून भेगा मिटू लागल्या की मग पुरतं पाणी द्यायचं. भेगांमध्ये चाळलेलं शेणखत आणि रेती मिसळून भरली तर पुढच्या वेळी पाणी बरं मुरतं.

मुरमावरच्या लॉनला उलट करावं लागतं. तिथं 20 मिलिमीटर दिलंत तर जास्तीचं पाणी मुळांच्या खाली निघून जाईल. त्याला 10 ते 12 मिलिमीटर द्या, पण लवकर लवकर द्या.

पाणी देऊन झाल्यावर दोन-तीन तासांनी लांब पेचकस (स्क्रू ड्रायव्हर) मातीत खुपसा. ओल्या मातीत तो लोण्यात सुरी जावी तसा जातो, कोरडं लागलं की अडतो. पाच-सहा इंच सहज गेला तर पाणी पुरेसं झालं. तीन इंचांवरच अडला तर पुढच्या वेळी मिनिटं वाढवा. हा पेचकस मी नळाच्या शेजारीच लटकवून ठेवलाय. काळी माती वरून फसवते, वर पापडासारखी कोरडी दिसते आणि चार बोटं खाली हाताला चिकटेल इतकी ओली असते. डोळ्यांवर विश्वास ठेवला तर पाणी नेहमी जास्त दिलं जातं.

आता मूळ प्रश्न: किती दिवसांनी?

नागपूरचं हवामान टोकाचं आहे. 23 मे 2013 ला इथं 47.9 अंश नोंदले गेले आणि 29 डिसेंबर 2018 ला 3.5 अंश. ज्या गावात पारा एवढा हलतो तिथं बारा महिने एकच वेळापत्रक चालणार कसं? खाली देते ते आकडे काळ्या मातीवरच्या, उन्हातल्या, चांगल्या रुजलेल्या हरळीच्या लॉनचे आहेत.

डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी पुरतं. थंडीत हरळी वाढ जवळपास थांबवते आणि रंगाने थोडी भुरकट होते. ती तहानेने पिवळी झाली नाही, थंडीने झाली आहे. इथं बरेच जण घाबरून पाणी वाढवतात, आणि थंड, चिकट मातीत मुळं गुदमरतात. फेब्रुवारीत ऊन चढू लागलं की आठवड्यातून एकदा, होळीनंतर चार-पाच दिवसांनी. एप्रिलमध्ये तीन ते चार दिवसांनी.

मे महिना वेगळाच. कोरडी हवा, दुपारची लू, रात्रीसुद्धा भिंती गरम. असल्या दिवसांत लॉनमधून रोज 6-7 मिलिमीटर पाणी उडून जातं. म्हणजे तुम्ही दिलेलं 20 मिलिमीटर तिसऱ्या दिवशी संपतं. म्हणून मेमध्ये, आणि खास करून 25 मेच्या सुमाराला सुरू होणाऱ्या नवतप्यात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दोन दिवसांआड पाणी द्यायचं. मुरमावर असेल तर दिवसाआड, आणि नवतप्यात कधीकधी रोज. पश्चिमेच्या भिंतीलगतची आणि फरशीच्या कडेची वीतभर पट्टी कुठल्याही लॉनमध्ये आधी जळते, कारण फरशी आणि भिंत दिवसभर तापून तिथल्या मुळांना भाजत असतात. तेवढ्या पट्टीला मधल्या दिवशी झारीने पाणी द्या, तिच्यासाठी अख्खं लॉन भिजवू नका.

जूनच्या मध्यावर पाऊस येतो. नागपूरला वर्षाला हजार मिलिमीटरच्या थोडा वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. या काळात पाइप गुंडाळून ठेवा. पावसाने सात-आठ दिवस दडी मारली आणि ऊन पडलं तरच पेचकस घेऊन बघा. पण पहिल्या एक-दोन सरींवर विसंबू नका. आवाज मोठा होतो, अंगणभर वास सुटतो आणि वाटीत मोजलं तर 4 मिलिमीटर भरतं. अंगणात एक सरळ काठाचा डबा कायम ठेवा. 15 मिलिमीटरच्या वर पडला असेल तर एक पाळी सोडा, कमी असेल तर जेवढं कमी तेवढंच द्या.

जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की प्रश्न पाण्याचा निचरा कसा होईल हा असतो. लॉनमध्ये जिथं डबकं साचतं तिथं काडी रोवून खूण करून ठेवा, उघडीप मिळाली की रेती आणि खताचं मिश्रण पसरून ती जागा वर आणा. पाणी दोन-तीन दिवस उभं राहिलं तर गवत सडतं, आणि गोल तपकिरी चट्टे दिसू लागले तर बहुतेक बुरशी असते. अशा चट्ट्यांना पाणी कमी पडलं समजून पाइप लावू नका.

ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं. पाऊस नुकताच गेलेला, डोक्यात अजून चिखलच असतो आणि माती मात्र भराभर सुकते. पाच-सहा दिवसांनी एक पाणी द्या. दिवाळीनंतर हळूहळू आठवड्यावर न्या.

झाडाच्या सावलीतल्या भागाला थोडं कमी पाणी लागतं, पण कडुनिंब किंवा आंबा मोठा असेल तर तोही त्याच मातीतून पितो. तिथं आकड्यांपेक्षा पेचकस खरा.

गवत स्वतः सांगतं

लॉन तहानलं की काही खुणा दिसतात. पानं कडेने मिटून सुईसारखी होतात. हिरवा रंग जाऊन निळसर-राखाडी छटा येते. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे पाऊल. सकाळी किंवा सूर्य कलल्यावर अनवाणी चालून मागे वळून बघा. पाणी असलेलं गवत लगेच उभं राहतं, तहानलेल्या गवतावर पावलं उमटून राहतात. हे दुपारी दोन वाजता बघू नका. त्या उन्हात मातीत ओल असूनही पानं मलूल पडतात आणि संध्याकाळी आपोआप ताठ होतात.

या खुणा दिसल्या की त्याच रात्री घाई करायची गरज नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी द्या. थोडीशी तहान लागू देणं गवताच्या भल्याचंच आहे.

वेळ पहाटेची

साडेचार ते सात. वारा नसतो, ऊन नसतं, पाणी उडत नाही आणि पानं सूर्य वर आल्यावर सुकतात. गच्चीवरच्या टाकीचं पाणीही तेव्हाच गार असतं. दुपारी पाणी दिल्याने थेंबांमुळे पानं जळतात असं सांगतात, ते खरं नाही. पण दुपारी नको याची दोन खरी कारणं आहेत. बरंचसं पाणी वाफ होऊन जातं, आणि उन्हात पडलेल्या पाइपमधलं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं. उन्हाळ्यात नळ सोडल्यावर पहिलं बादलीभर पाणी बाजूला काढा, मगच पाइप लॉनकडे वळवा.

सकाळी जमतच नसेल तर उन्हाळ्यात संध्याकाळी दिलं तरी चालतं, हवा इतकी कोरडी असते की बुरशीची भीती कमी. पावसाळ्यात आणि थंडीत मात्र संध्याकाळी अजिबात नको.

नवीन लावलेलं लॉन

वरचे नियम त्याला लागू नाहीत. तयार गवताच्या कार्पेटचे तुकडे किंवा हरळीच्या काड्या नुकत्या लावल्या असतील तर पहिले दहा-पंधरा दिवस माती कायम ओलसर ठेवायची, दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी. एक कोपरा हळूच उचलून बघा. तो सहज उचलला जात नाही, मुळांनी माती धरली आहे असं दिसलं की रोज एकदा, मग दिवसाआड, मग दोन दिवसांआड, असं महिन्याभरात मोठ्या लॉनच्या वेळापत्रकावर आणा. बरेच जण इथंच चुकतात आणि "रोज दोनदा" हीच सवय वर्षभर ठेवतात.

लावायची घाई असेल तरी मार्च ते मे टाळा. एखादा चांगला पाऊस झाला की, जूनच्या शेवटी किंवा जुलैत लावा. पाण्याचं निम्मं ओझं पाऊस उचलतो.

कूलरचं पाणी, आरओचं पाणी

आपल्याकडे घरटी एक-दोन कूलर आणि दर आठवड्याला त्यांच्या टाक्या रिकाम्या करायच्या, डासांसाठी ते करायलाच हवं. ते पाणी सरळ लॉनवर सोडायची पद्धत आहे. पण कूलरमधून फक्त पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात. बोअरचं पाणी वापरत असाल तर आठवड्याने त्या टाकीत काय उरतं ते कूलरच्या ताट्यांवरचा पांढरा थर बघून समजेल. हे पाणी एकाच जागी पुन्हा पुन्हा ओतलं तर तिथं मातीवर पांढुरकी साय धरते आणि गवत विरळ होतं. दुप्पट-तिप्पट साध्या पाण्यात मिसळून, जागा बदलत वापरा, किंवा बोगनवेलीसारख्या काटक झाडांना घाला. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचंही तेच. एसीचं पाणी चांगलं असतं, खुशाल घाला. वॉशिंग मशीनचं साबणाचं पाणी काळ्या मातीला देऊ नका, त्यातल्या सोडियमने ती आणखी घट्ट होते आणि पाणी मुरणंच बंद होतं.

पाणी कमी असेल तेव्हा

300 चौरस फुटांच्या लॉनला मेमध्ये दोन दिवसांआड पाणी द्यायचं म्हणजे महिन्याला 5,600 लिटर. नागपूरला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, आणि उन्हाळ्यात ते सगळ्यांना सारखं मिळत नाही. शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये लोक टँकरची वाट बघत असतात. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: लॉनसाठी टँकर मागवू नये. लावतानाच लॉन लहान ठेवा, 150 चौरस फूटही बसायला पुरे होतं. उरलेल्या जागेत झाडं लावा.

मेमध्ये गवताची कापणी वरून करा, दीड-दोन इंच उंची राहू द्या. उंच गवत आपल्याच मुळांवर सावली धरतं. या महिन्यात युरिया टाकू नका, त्याने कोवळी वाढ होते आणि तिला पाणी जास्त लागतं.

आणि अगदीच पाणी नसेल तर हरळीला पिवळी पडू द्या. तिच्या जमिनीखालच्या काड्या जिवंत राहतात. पंधरा-वीस दिवसांतून एकदा पाणी खोलवर द्या, फक्त त्या काड्या तगून राहाव्यात एवढ्यासाठी. या काळात लॉनवर खुर्च्या मांडू नका, मुलांना खेळायला दुसरीकडे पाठवा, कारण वाळलेलं गवत तुडवलं गेलं तर खालचे डोळे चिरडतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे तसंच केलं होतं. पहिला दमदार पाऊस झाला आणि आठव्या दिवशी खाली वाकून बघितलं, तर पिवळ्या काड्यांच्या प्रत्येक पेराशी हिरवं टोक आलेलं होतं. त्यानंतर आणखी दोन आठवडे आम्ही त्यावर पाय ठेवला नाही.